श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम आणि धापेचे माप

न्यूमोनियातून उठल्यावर माझी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी, जवळजवळ सामान्य आली होती, तरीही जिना चढताना इतका दम लागे की मध्येच कठडा धरून उभे राहावे लागे. या धापेचे कारण एका वेगळ्या चाचणीत सापडले. श्वास आत ओढताना जास्तीत जास्त किती दाब निर्माण करता येतो, हे तीत पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये, म्हणजे तो दाब पाण्याचा किती उंच स्तंभ तोलेल यावरून, मोजतात. माझा आकडा वयाच्या मानाने बराच कमी होता. श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू अशक्त झाले होते.

कानाचा पडदा फाटणे किंवा छातीच्या पोकळीत हवा साठणे असे पूर्वी काही घडले नसल्याची खात्री करून फिजिओथेरपिस्टनी मुठीत मावेल असे एक उपकरण दिले. त्यात स्प्रिंगने दाबून धरलेली झडप असते. श्वासाची ओढ ठरावीक दाबापलीकडे गेल्याशिवाय ती उघडत नाही, उच्छ्वास मात्र विनाअडथळा बाहेर पडतो. सुरुवातीचा ताण माझ्या कमाल दाबाच्या 30 टक्के ठेवला होता आणि सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी 30 श्वास घ्यायचे होते. नाकाला चिमटा लावून, खांदे न उचलता, बरगड्या बाजूंना फुलवत हवा ओढायची. शेवटच्या काही श्वासांना मानेचे स्नायू दोरीसारखे ताठ होत आणि झडप जेमतेम उघडे. घाई केली की डोके हलके होते, म्हणून उच्छ्वास सावकाश सोडणे महत्त्वाचे. जमेल तसा ताण वाढवत नेला.

प्रगती मोजण्यासाठी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची 0 ते 10 ही श्रेणी वापरली. जिना तोच, वेगही तोच. आधी मी धापेला 7 म्हणजे अतितीव्र असा आकडा देत असे, नंतर तो 3 म्हणजे मध्यम यावर आला. स्पायरोमेट्रीत मात्र फारसा फरक पडला नव्हता, आणि मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. मेंदू श्वासाच्या स्नायूंना आज्ञा देतो तेव्हा तिची एक प्रत संवेदना जाणणाऱ्या भागांकडेही जाते, असे मानले जाते. आज्ञा जितकी जोरकस, तितके कष्ट अधिक जाणवतात. दुबळ्या स्नायूला तेवढीच हवा ओढण्यासाठी आपल्या कमाल ताकदीचा मोठा वाटा खर्चावा लागतो, तर बळकट स्नायूचे काम थोडक्यात भागते.

श्वास घेण्याचे कष्ट आणि त्यांची वाटणारी धास्ती यांची नोंद आम्ही वेगवेगळी ठेवत होतो, आणि माझ्या बाबतीत धास्ती आधी ओसरली. झडपेशी रोज झगडताना ओढ लागली तरी श्वास पुरतो हे अंगवळणी पडले असावे. व्यायाम पूर्ण थांबवल्यास कमावलेली ताकद हळूहळू उतरते, म्हणून आता ताण तोच ठेवून आठवड्यातले मोजकेच दिवस मी तो करते.