अडीच किलोची मोटर

कोथरूडहून बावधनच्या शाळेत मी सायकलनेच जाते. गेल्या पावसाळ्यापासून मात्र चांदणी चौकाचा चढ गुडघ्याला झेपेना, म्हणून मोटर बसवायचं ठरवलं. आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही, सायकल रोज एक जिना वर न्यावी लागते. तेव्हा आधी वजन, मग बाकी सगळं.

मैत्रिणीच्या मुलाने त्याचं मोटरचं चाक आठवडाभर वापरायला दिलं. थेट फिरणारी, बिनगिअरची मोटर. आवाज अजिबात नाही. पण बॅटरी संपली की कुणी मागून कॅरिअर धरून ओढतंय असं वाटायचं. आतली चुंबकं बंद मोटरलाही अडवत राहतात. भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं तर ते चाक ५ किलो १०० ग्रॅम भरलं!

मग मी छोटी गिअरवाली मोटर घेतली, २५० वॉटच्या आतली, २ किलो ४०० ग्रॅमची. तिच्या आत क्लच असतो. मोटर बंद केली की चाक मोकळं फिरतं. ताशी २५ किलोमीटरच्या आतच मदत करते, त्यामुळे नोंदणी नको, लायसन्स नको.

बॅटरी मात्र सगळे मोठी घ्या म्हणत होते. मी कागद-पेन घेऊन बसले. मी, सायकल आणि दप्तर मिळून ८५ किलो. एवढं वजन १०० मीटर उंच न्यायला सुमारे २३ वॉट-तास ऊर्जा लागते. मोटरमध्ये वाया जाणारं धरलं तर तीसेक. माझा जाऊन-येऊन प्रवास १२ किलोमीटरचा, आणि पॅडल तर मी मारणारच. ३६ व्होल्ट, ७ अँपिअर-तास, म्हणजे २५२ वॉट-तास मला भरपूर झाले. बॅटरी जुनी होऊन थोडी उतरली तरी पुरेल. वजन दोन किलोच्या आत.

बसवताना सायकलवाल्या काकांनी दोन गोष्टी मन लावून केल्या. मोटरचा एक्सल फोर्कच्या खाचेत फिरू नये म्हणून टॉर्क आर्म, म्हणजे एक्सलला धरून ठेवणारी धातूची पट्टी, लावून नट पान्याने दोनदा आवळले. आणि वायर एक्सलमध्ये शिरते तिथे आधी खाली एक वळसा सोडला. पावसाचं पाणी त्या वळशावरून ठिबकून जातं, मोटरमध्ये उतरत नाही. जुलैत मी रोज वाकून बघायची. थेंब तिथेच लोंबत असायचा.

घरी आले की बॅटरी काढून पिशवीत टाकते आणि सायकल खांद्यावर घेऊन जिना चढते.