कॅन्सल

ठिबकच्या अनुदानाचे कागद जमवताना यादीत शेवटी एक ओळ निघाली : कॅन्सल चेक. नानांनी ती दोनदा वाचली.

"चांगला चेक कॅन्सल कशाला करायलेत रे हे?"

म्हटलं, नाना, पैसे काढायला नाही, खात्याचा नंबर अन् आयएफएससी कोड बघायला लागतो. दोन तिरप्या रेघा मारायच्या, मधे 'कॅन्सल' लिहायचं, सही करायची नाही. पण दोन रेघांवर नानांचा भरवसा बसेना. पट्टी घेतली, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्याकडं चार रेघा ओढल्या, मग उलट बाजूनं चार. "आता वटव म्हणावं कुणाला वटवायचाय ते!"

चेकवर खिडकीची जाळी झाली होती. मला हसू आलं, कारण शब्द मुळात तोच आहे. लॅटिनमध्ये 'कान्सेली' म्हणजे जाळी. बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे ना, तसलं काहीतरी. लिहिलेलं नको झालं की लेखनिक त्यावर अशाच आडव्यातिडव्या रेघा मारत. त्या जाळी मारण्यावरून क्रियापद झालं, आणि फ्रेंचमधून १४व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत शिरलं. पुढं रेघा गळाल्या, नुसतं 'नको' उरलं. नानांनी सहाएकशे वर्षांची झीज आठ रेघांत भरून काढली.

आपल्याकडं 'रद्द' आहे की. अरबीतला, रद्दीचा सख्खा भाऊ. इथल्या कचेऱ्या निजामाच्या राजवटीत उर्दूत चालायच्या, तेव्हा तो मराठवाड्यात काही परका नाही. तरी पारावर ऐका : एसटी कॅन्सल, पंगत कॅन्सल, सोयरीकसुद्धा कॅन्सल. सोयरीक 'मोडली' म्हटलं की कुणी मोडली, का मोडली, सगळं आलं. 'कॅन्सल झाली' म्हटलं की जणू पावसानं झाली. चारचौघांत अब्रू राखायला हा शब्द फार कामाचा.

याच जाळीतून आणखी एक जण बाहेर आलाय. रोमन न्यायालयात जाळीपाशी उभा राहणारा शिपाईवजा माणूस, तो 'कान्सेलारियस'. बढती मिळत मिळत त्याचा चॅन्सलर झाला. म्हणजे विद्यापीठाचे कुलपती मूळचे जाळीजवळचे, आणि जर्मनीचा कान्झलरही त्याच घरचा. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात. आमच्या परभणीच्या बँकेत पूर्वी कॅशियर तारेच्या जाळीआडच बसायचे. लॅटिनच्या हिशेबानं खरे चॅन्सलर तेच. त्यांचा रुबाबही काही कमी नव्हता.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन गेलो. टेबलामागच्या पोरानं चेक उजेडाकडं धरला, तिरपा केला, पुन्हा सरळ केला.

"काका, नंबरच दिसंना झालाय. दुसरा आणा."

नाना माझ्याकडं वळले. "कॅन्सल चेक कॅन्सल झाला म्हणायलाय का हा?"

मी मान हलवली. घरी येईपर्यंत नाना एवढंच पुटपुटत होते, "पंचवीसातले दोन गेले."