जप्तीतला दिवाण

एकतीस वर्षं मी दिवाणी कोर्टात बेलीफ होतो. समन्स बजावायचं, दारावर नोटीस डकवायची, जागेचा ताबा द्यायचा आणि कधीमधी लोकांच्या घरातलं सामान उचलायचं. या शेवटच्या कामाला जाताना मी घरून जेवून निघायचो, कारण परत आल्यावर घास उतरत नसे.

त्या दिवशीचं वॉरंट जंगम जप्तीचं होतं, रक्कम ३८,४०० रुपये. ऋणकोचं किराणा दुकान बसलेलं, घाऊक व्यापाऱ्याची उधारी थकलेली. व्यापारी स्वतः टेम्पो आणि दोन हमाल घेऊन हजर. पंच म्हणून शेजारी कुणी येईना, मग कोपऱ्यावरचा चहावाला आणि त्याचा मेहुणा आणले. घाई होती. सूर्य मावळला की राहत्या घरात पाऊल टाकायची आम्हाला मुभा नसते, आणि चार तर वाजून गेले होते.

टीव्ही, मिक्सर, लोखंडी कपाट लिहून झालं. शिलाई मशीन सुनेचं निघालं, तिने तिच्या नावाची पावती दाखवली, सोडलं. मग व्यापाऱ्याने बोट दाखवलं, "भाऊसाहेब, हा दिवाण लिहा. सागवानी आहे."

दिवाणावर म्हातारी बसली होती, ऋणकोची आई. पाय पोटाशी घेऊन, आमच्याकडे न बघता.

ऋणको म्हणाला, "आई झोपते त्याच्यावर." दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० मला तोंडपाठ होतं. ऋणकोचे अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, पलंग आणि अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. तोच आधार धरून मी पेन थांबवलं.

व्यापारी काही कच्चा नव्हता. "पलंग आतल्या खोलीत आहे, तो राहू द्या. हा बाहेर हॉलमध्ये आहे. आल्या-गेल्याने बसायचा. दिवाण म्हणजे फर्निचर, पलंग नव्हे!"

खरं सांगायचं तर मला उत्तर सुचलं नाही. माझ्याही घरी दिवाण होता, दिवसा पाहुणे बसायचे, रात्री मुलगा झोपायचा. हमालांनी फळी उचलली. आत दोन गोधड्या, डब्यातले पापड आणि रबर लावलेले कागदांचे गठ्ठे, दुकानाची बिलं, आमच्याच कोर्टाच्या नोटिसा. म्हातारी तेवढी उठून उभी राहिली आणि फळी खाली ठेवल्याबरोबर पुन्हा बसली. मी पंचनाम्यात लिहिलं, "दिवाण एक, झोपण्यासाठी वापरात असल्याचे सांगतात, जप्त केला नाही." व्यापाऱ्याने तिथेच हरकत नोंदवायला लावली.

दुसऱ्या दिवशी नाझरांनी, म्हणजे आम्हा बेलिफांच्या वरिष्ठांनी, माझी चांगलीच हजेरी घेतली. "अहो, दिवाणी कोर्टाच्या बेलिफाला दिवाण कळू नये?" बाररूममध्ये हशा पिकला. इनामाच्या दाव्यांपायी मोडी कागद वाचत आयुष्य गेलेले एक वृद्ध वकील तेवढे हसले नाहीत. त्यांनी मला बसवून घेतलं.

त्यांचं म्हणणं, दिवाण हा आधी कागद, मग बाकी सगळं. फारसीत दिवाण म्हणजे नोंदवही, लिहिलेल्याचा संग्रह. म्हणूनच गालिबच्या गझलांच्या संग्रहालाही दिवाणच म्हणतात. सातव्या शतकात खलिफा उमरने सैनिकांच्या वेतनाच्या याद्या ठेवल्या, ती यादी दिवाण. याद्या जिथे ठेवायच्या ती कचेरी दिवाण. कचेरीचा मुख्य तो साहिब-ए-दिवाण, पुढे नुसताच दिवाण, जसे बडोद्याचे दिवाण टी. माधवराव. १७६५ साली शाह आलम बादशहाने कंपनीला बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी दिली, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने जिल्ह्यांतून दिवाणी आणि फौजदारी अदालती वेगळ्या केल्या, आणि आमच्या पाटीवरचा शब्द ठरून गेला.

"आणि लाकडी दिवाण?" मी विचारलं.

तो तुर्कांकडून आला. त्यांच्या दरबारी दालनात भिंतीलगत गाद्या-तक्के घातलेली लांब बैठक असे. दालनाचं नाव बैठकीला चिकटलं, ती बैठक युरोपात शौकाची वस्तू झाली आणि फिरत फिरत आपल्याकडे पोटात पेटी घेऊन उभी राहिली. वकील म्हणाले, "शब्दावर गेलात तर व्यापारी बरोबर. बसायचीच वस्तू." माझा चेहरा पडला. मग त्यांनीच पुढे विचारलं, "पण कायदा शब्द बघतो की वापर?"

अहवाल साहेबांपुढे गेला. व्यापाऱ्याच्या वकिलांनी दिवाणखाना, बैठक, सागवान सगळं मांडलं. साहेबांनी मला पुढे बोलावलं.

"वर गादी होती?"

"होती, साहेब."

"उशी?"

"होती. आणि म्हातारीही होती."

साहेब हसले नाहीत, पण लिहिताना मान जरा जास्तच खाली गेली. दिवाण सुटला. ऋणकोने पुढे महिना दोन हजारांचे हप्ते बांधून घेतले. पहिला हप्ता भरायला तो नाझरांच्या टेबलाशी आला तेव्हा पावती घडी करून खिशात घालत मला म्हणाला, "ही पण दिवाणातच ठेवतो."