एसएफसी हरलं म्हणजे विंडोज गेलं असं नाही

सिस्टिम फाइल्स बिघडल्याची शंका आली की बहुतेक जण थेट एसएफसी स्कॅननाऊ ही सिस्टिम फाइल्स तपासून दुरुस्त करणारी विंडोजची कमांड चालवतात. ‘काही फाइल्स दुरुस्त करता आल्या नाहीत’ असा मेसेज आला की लगेच फॉरमॅट मारायला निघतात. कृपया इतकी घाई करू नका. अशा वेळी बऱ्याचदा चुकलेला असतो तो फक्त क्रम.

एसएफसी खराब फाइलच्या जागी चांगली प्रत बसवतं. ही प्रत सहसा विंडोज फोल्डरमधल्या विनएसएक्सएस या साठ्यातून येते. साठाच नासला असेल तर ते बसवणार काय? तो साठा नीट करणं हे डिझम या विंडोजमधल्याच दुसऱ्या कमांडचं काम, म्हणून विंडोज १० आणि ११ वर आधी डिझम, मग एसएफसी.

त्याच्याही आधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा आणि डिस्क तपासणारी चेकडिस्क कमांड चालवा. बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे खराब भाग, वाढत असतील तर डिस्क बदला, कारण अशा डिस्कवर आज केलेली दुरुस्ती उद्या पुन्हा बिघडते. वेगवेगळ्या फाइल्स सारख्या खराब होत असतील तर रॅमवर संशय घ्या. त्यासाठी विंडोज मेमरी डायग्नोस्टिक आहेच.

आता कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा आणि डिझमची कमांड द्या: डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ. टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं. प्रत्येक स्लॅशच्या आधी स्पेस हवी, नंतर नको. यातल्या ‘ऑनलाइन’चा अर्थ सध्या चालू असलेलं विंडोज. इंटरनेटही लागतंच, कारण चांगल्या फाइल्स एरवी विंडोज अपडेटकडून येतात. टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ अडकलेली दिसते. ते नेहमीचंच आहे, खिडकी बंद करू नका.

‘सोर्स फाइल्स सापडल्या नाहीत’ असा एरर आला तर विंडोजची आयएसओ फाइल (इन्स्टॉल डिस्कची फाइलरूपातली प्रत) डबल-क्लिक करून माउंट करा, म्हणजे ड्राइव्हसारखी उघडा, आणि कमांडच्या शेवटी /सोर्स देऊन तिच्या सोर्सेस फोल्डरमधल्या इन्स्टॉल फाइलचा पत्ता द्या. इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे आयएसओची आवृत्ती मशीनवरच्या विंडोजशी जुळत नाही. दुसरी, इन्स्टॉल फाइल ईएसडी प्रकारची असताना पत्त्याआधी विम हा दुसरा प्रकार लिहिला जातो. एकाच फाइलमध्ये होम, प्रो अशा अनेक एडिशन्स असतात, त्यामुळे आपल्या एडिशनचा इंडेक्स नंबर डिझमच्या गेट-विमइन्फोने आधी पाहून घ्या.

डिझम यशस्वी झालं की रीस्टार्ट करून एसएफसी /स्कॅननाऊ चालवा. तरीही काही उरलं तर सीबीएस लॉगमध्ये (दुरुस्तीच्या नोंदी ठेवणारी विंडोजची फाइल) एसआर खूण असलेल्या ओळी वाचा, अडलेल्या फाइलचं नाव तिथे मिळतं.

मशीन सुरूच होत नसेल तर रिकव्हरी या विंडोजच्या दुरुस्ती-मेनूतल्या कमांड प्रॉम्प्टमधून एसएफसी चालवता येतं. मात्र ऑफबूटडिर (बूट ड्राइव्ह) आणि ऑफविनडिर (विंडोज फोल्डर) हे दोन्ही पत्ते द्यावे लागतात, आणि तिथे विंडोजचा ड्राइव्ह सी असेलच असं नाही. आधी डीआयआर या फोल्डरांची यादी दाखवणाऱ्या कमांडने विंडोज फोल्डर कुठे आहे ते बघा.

मशीन सुरू होतं पण यातलं काहीच लागू पडत नाही, असं असेल तर चालू विंडोजमधूनच आयएसओतलं सेटअप चालवा आणि ‘वैयक्तिक फाइल्स आणि ॲप्स ठेवा’ हा पर्याय निवडा. तो पर्याय फिका दिसत असेल तर पुढे जाऊ नका. एडिशन किंवा भाषा जुळत नसण्याची शक्यता मोठी, तेव्हा योग्य आयएसओ घेऊन पुन्हा सुरुवात करा.