आधी शब्दांची घडण, मग याद्या

इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाच्या हाती आपण प्रथम काळांचा तक्ता देतो आणि त्याच्या जोडीला पाठांतरासाठी शब्दांची लांबलचक यादी देतो, हा क्रम मला अयोग्य वाटतो. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तरीही माझ्या संध्याकाळच्या वर्गाला येणारी सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील आणि दिंडोरी-निफाडकडची मुले-मुली सगळ्या काळांची नावे घडाघडा सांगतात आणि दोन ओळींचा ईमेल लिहायची वेळ आली की अडतात. त्यांना कमी पडतात त्या दोन गोष्टी: इंग्रजी वाक्यात शब्दाच्या जागेला किती महत्त्व आहे याची जाण आणि शब्द कसा घडतो हे पाहण्याची सवय.

जागेपासून सुरुवात करू. ‘व्यापाऱ्याने शेतकऱ्याला फसवले’ हे वाक्य ‘शेतकऱ्याला व्यापाऱ्याने फसवले’ असे फिरवले तरी फसवणारा बदलत नाही, कारण नात्याची खूण प्रत्ययाच्या रूपाने शब्दालाच चिकटलेली असते. ‘द ट्रेडर चीटेड द फार्मर’ या वाक्यातील दोन नामांची अदलाबदल केली, तर मात्र शेतकरीच लबाड ठरतो. जुन्या इंग्रजीतही विभक्तीचे प्रत्यय होते. ते शतकानुशतके झिजत गेले आणि आज ‘ही-हिम’, ‘हू-हूम’ अशा सर्वनामांतच मुख्यतः त्यांचा माग उरला आहे. प्रत्यय गेले तेव्हा त्यांचे काम जागेकडे आले. म्हणून कर्ता, मग क्रियापद, मग कर्म हा क्रम हाडीमाशी मुरेपर्यंत बाकीचे व्याकरण थोडे थांबले तरी चालेल, असे माझे ठाम मत आहे. आपली शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून येतात, इंग्रजीतील त्यांचे भाऊबंद नामाच्या आधी येतात, हेही याच धड्यात सांगून टाकावे.

नेहमीच्या चुकाही मराठी वाक्याकडे पाहिले की उलगडतात. ‘मला माहीत आहे’ यातील ‘आहे’ मनात घोळत असल्यामुळे ‘आय अ‍ॅम नोइंग’ असे तोंडून निघते, तर ‘विषयी चर्चा करणे’ या सवयीमुळे ‘डिस्कस’च्या पुढे नको असलेले ‘अबाउट’ येऊन बसते. विद्यार्थ्याला नुसते ‘चूक’ म्हणण्यापेक्षा ती कोठून आली हे दाखवले, तर तो स्वतःच सावध होतो.

शब्दांच्या घडणीवर मात्र मला अधिक वेळ द्यावासा वाटतो. गेल्या हंगामात द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर असलेला एक विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे दिवसभर इंग्रजीच चालतं, पण मला इंग्रजी येत नाही.” मी त्याला कामावर कानी पडणारे शब्द फळ्यावर लिहायला सांगितले. पॅकिंग, पॅकेट, पॅकर, रिपॅक, ग्रेडिंग, प्री-कूलिंग, कंटेनर, एक्स्पोर्ट, इन्स्पेक्शन असा फळा भरत गेला. मग आम्ही एकेक शब्द सोडवायला बसलो. ‘प्री-कूलिंग’मध्ये ‘आधी’ या अर्थाचा उपसर्ग, ‘कूल’ ही मूळ क्रिया आणि ‘इंग’ हा प्रत्यय आहे. शीतगृहात ठेवण्याआधी द्राक्षे थंड करण्याची क्रिया, म्हणजे रोज डोळ्यांसमोर घडणारे कामच त्या शब्दात साठवलेले आहे. ‘एक्स्पोर्ट’मधील ‘पोर्ट’ हा लॅटिनमधील वाहून नेण्याच्या क्रियेपासून आला आहे. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, म्हणून निर्यात. ‘इम्पोर्ट’ म्हणजे आत आणणे. ‘ट्रान्स्पोर्ट’ म्हणजे पलीकडे नेणे. जे उचलून नेता येते ते ‘पोर्टेबल’, आणि नाशिकरोड स्टेशनवर सामान वाहणारा तो ‘पोर्टर’. ‘कंटेनर’मधील ‘टेन’ धरून ठेवण्याच्या क्रियेचा आहे, आणि ‘रिटेन’, ‘मेन्टेन’ याच कुळातले आहेत. एका मुळाशी परिचय झाला की शब्दांचे अख्खे घराणे ओळखीचे होते. यादी पाठ करून हे साधत नाही, कारण यादीत हे नातेवाईक वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले असतात.

‘पॅकहाऊस’ हा तर सरळ समासच आहे. आपल्या तत्पुरुषात उत्तरपद प्रधान असते; ‘देवघर’ हे शेवटी घरच असते. इंग्रजी सामासिक शब्दांतही बहुधा शेवटचे पद मुख्य असते, त्यामुळे ‘टेबल ग्रेप्स’ ही द्राक्षेच असतात आणि ‘ग्रेप ज्यूस’ हा रसच असतो. कधी कधी तर इंग्रजी काहीही न जोडता नामाचे क्रियापद करते. ‘वॉटर’ म्हणजे पाणी, पण ‘वॉटर द प्लांट्स’ म्हणजे झाडांना पाणी घाला. येथे शब्दाची जात कोणती हेसुद्धा जागाच ठरवते.

नकारार्थी उपसर्गांचा धडा माझ्या विशेष आवडीचा आहे. इंग्रजीतील ‘अन’, लॅटिनमधून आलेला ‘इन’ आणि ‘अनुचित’मधील आपला ‘अन्’ हे तिन्ही एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळाचे वंशज आहेत, हे सांगितल्यावर वर्गातील इंग्रजीची भीती कमी झालेली मी पाहिली आहे. ‘उत्’ आणि ‘लेख’ मिळून जसे ‘उल्लेख’ होते, तसा ‘इन’मधील शेवटचा वर्ण पुढच्या वर्णानुसार बदलतो, म्हणून ‘पॉसिबल’चे ‘इम्पॉसिबल’, ‘लीगल’चे ‘इल्लीगल’ आणि ‘रेग्युलर’चे ‘इरेग्युलर’ होते. या शेवटच्या दोन शब्दांत अनुक्रमे दोन ‘एल’ आणि दोन ‘आर’ का लिहायचे, हे एकदा संधीच्या अंगाने समजले की स्पेलिंग घोकण्याची गरज उरत नाही. इंग्रजीचा घरचा ‘अन’ मात्र बदलत नाही. तो ‘अनप्लेझंट’मध्येही ‘अन’च राहतो.

उच्चाराबाबत एकच गोष्ट सांगते, कारण ती बहुतेक ठिकाणी राहून जाते. प्रत्यय लागल्यावर शब्दातील आघात, म्हणजे उच्चारातला जोर, सरकू शकतो. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अवयवावर (सिलेबलवर) असतो, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. ‘एक्स्पोर्ट’ हे नाम असेल तर आघात ‘एक्स’वर, क्रियापद असेल तर ‘पोर्ट’वर. ‘नेस’ लागल्याने आघात हलत नाही, ‘इटी’ लागल्याने बहुधा हलतो. ‘अ‍ॅक्टिव्ह’ आणि ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत.

ही पद्धत डोळे मिटून वापरता येत नाही, हेही सांगायला हवे. ‘टीच’ करणारा ‘टीचर’ असला तरी ‘कुक’ करणारा ‘कुकर’ नसतो. ‘रिफ्यूज’पासून ‘रिफ्यूजल’ होते, पण ‘अ‍ॅक्सेप्ट’पासून ‘अ‍ॅक्सेप्टन्स’ होते. कोणत्या शब्दाला कोणता प्रत्यय हे अनेकदा रूढीच ठरवते. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंतून निघणाऱ्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ अशी पाटी असते. तेथील ‘इन’ नकाराचा समजून ‘न पेटणारे’ असा अर्थ कोणी घेतला तर अनर्थ होईल, कारण हा ‘इन’ ‘आत’ या अर्थाचा आहे आणि पूर्ण शब्दाचा अर्थ ‘सहज पेट घेणारे’ असा आहे. त्यामुळे घडणीवरून आधी अर्थाचा अंदाज बांधावा आणि मग लगेच शब्दकोश उघडून तो पडताळावा, असा माझ्या वर्गाचा नियम आहे. अंदाज न बांधता शब्दकोश पाहिलेला मला चालत नाही आणि शब्दकोश न पाहता अंदाजावर विसंबलेलेही चालत नाही.