तुम्ही विचारलंत म्हणून: आधी टायर, मग ब्रेक पॅड

‘गाडीचे ब्रेक कमी वाटतात. जरा भारीतले पॅड टाकू का? आणि खर्च करतोच आहे तर टायरही रुंद करून घेऊ का?’ मे महिना संपत आला की हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारे बहुतेक छोट्या गाडीवाले असतात, स्विफ्ट, वॅगन आर, आय१०, टियागो. घर चिपळूणला आणि नोकरी कराडला असल्यामुळे कुंभार्ली घाट मला बारा महिने पार करावा लागतो. गाडीचं खालचं काम मी जमेल तितकं स्वतः करतो किंवा निदान समोर उभा राहून करून घेतो. म्हणून लोक मला विचारतात, आणि मीही मनापासून सांगतो, कारण घाटात पावसात गाडी वेळेवर थांबणं ही हौसेची गोष्ट नाही.

माझं उत्तर दर वेळी एकच असतं. पैसे आधी टायरवर घाला, मग ब्रेक ऑइलवर, आणि पॅड सगळ्यात शेवटी.

पॅड चाकाबरोबर फिरणारी डिस्क दाबून चाकाला थांबवतात. गाडीला थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातला घट्टपणा. तुमचे पॅड कमी पडतात की टायर, हे ओळखायला साधी खूण आहे. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा. मागेपुढे कोणी नसलेल्या मोकळ्या, ओल्या जागेत चाळीसच्या वेगाला ब्रेक जोरात दाबा. पायाखाली पेडल थडथडायला लागलं, तर चाक अडकू पाहतंय आणि एबीएस ते सोडवतंय. म्हणजे टायरला पेलेल त्यापेक्षा जास्त जोर तुमचे आत्ताचे पॅड देतच आहेत. त्यावर कितीही महाग पॅड टाकले तरी गाडी एक फूटसुद्धा अलीकडे थांबणार नाही.

थोडं गणित मांडतो, कारण आकडा समोर आला की माणूस टायरकडे वेगळ्या नजरेने बघतो. समजा ओल्या रस्त्यावर चांगल्या टायरचा घर्षणांक, म्हणजे पकडीचा आकडा, ०.६ आहे आणि झिजून, कडक झालेल्या टायरचा ०.४. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना ब्रेक मारला, तर पहिली गाडी साधारण ४२ मीटरवर थांबेल आणि दुसरी ६३ मीटरवर. त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. पहिली गाडी जिथे शांत उभी राहिली, त्याच जागेवरून दुसरी अजून ताशी ४६ किलोमीटरने पुढे चाललेली असेल. समोर म्हैस असो, ट्रक असो की शाळेतून सुटलेली पोरं, त्या ४६ च्या वेगाने काय होतं हे मी लिहायची गरज नाही.

आता टायर कोणते घ्यायचे? रुंदीच्या मागे फार लागू नका. तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने जो साइज दिलाय, तिथपर्यंत जा आणि थांबा. २०१८ च्या स्विफ्टचं उदाहरण घ्या. खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ आहे, वरच्याला १८५/६५ आर१५ (पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा रुंदीच्या टक्क्यांत टायरच्या बाजूची उंची, शेवटचा रिमचे इंच). रिमसकट बदलावं लागतं, पण टायरचा बाहेरचा व्यास दोन्हींचा जवळपास ६२० मिलिमीटरच राहतो, फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा. स्पीडोमीटर खरं बोलतो आणि टायर कुठे घासत नाही. दुकानदार मात्र पुष्कळदा त्याच पंधराच्या रिमवर १९५/६५ गळ्यात मारायला बघतो, ‘साहेब, गाडी भरदार दिसेल’ म्हणून. त्याचा व्यास ६३४ च्या पुढे जातो. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी आधीच्या टायरपेक्षा थोडी जोरात चाललेली असते, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की आतल्या प्लॅस्टिकला टायर लागू शकतो, आणि चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे ब्रेकचा जोर तेवढ्याच प्रमाणात घटतो. म्हणजे ब्रेक सुधारायला गेलात आणि थोडे का होईना कमीच करून आलात. शिवाय रस्त्यावर पाणी साचलेलं असेल तर रुंद टायर त्या पाण्यावर लवकर तरंगायला लागतो. आमच्याकडे जुलैत साचलेलं पाणी नसतं असा रस्ता दाखवा.

साइजच्या शेवटी ८५टी, ८८एच असं काहीतरी छापलेलं असतं. ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो, ८८ म्हणजे ५६०. अक्षर वेगाची मर्यादा सांगतं. कंपनीने दिलंय त्यापेक्षा कमी आकड्याचा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

मग खाली वाकून तारीख बघा. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. दुकानात टायर काढून समोर ठेवला की मी आधी हे आकडे शोधतो, किंमत नंतर. रबर पडून पडून कडक होतं, आणि कडक रबर कोरड्यात कळत नाही, पहिल्या सरीला कळतं. ‘हा टायर अमुक हजार किलोमीटर जातो’ ही जाहिरातही जरा सांभाळून ऐका. जो रबर झिजत नाही, तो बऱ्याचदा ओल्यात धरतही नाही. टायर चार पावसाळे कमी टिकला तरी चालेल, पण ओल्यात धरणारा हवा, असं माझं ठाम मत आहे.

खाचांच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात, तिथपर्यंत टायर झिजला की १.६ मिलिमीटर उरले आणि कायद्याने तो संपला. मी तिथपर्यंत थांबत नाही. तीन मिलिमीटर उरले आणि तोंडावर पावसाळा असला, की बदलतो. त्या खाचांचं कामच पाणी बाहेर फेकायचं आहे, त्या उथळ झाल्या की पाणी जाणार कुठे?

आता ब्रेककडे येऊ. ‘ब्रेक कमी लागतात’ असं म्हणणाऱ्या निम्म्या गाड्यांत पॅडचा दोषच नसतो. माझ्या चुलतभावाची गाडी ब्रेक मारला की डावीकडे ओढायची. एका गॅरेजने त्याला महागाचे पॅड बसवून दिले, ओढणं होतं तसंच राहिलं. आमच्या अंगणात चाक काढून कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, उघडला. आतला पॅड जवळजवळ पत्र्यापर्यंत संपलेला आणि बाहेरचा नुकताच बसवल्यासारखा. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यातली एक गंजून जाम झाली होती. दोन्ही बाजूंनी डिस्क दाबायची सोडून एकच बाजू काम करत होती. पिन काढली, बारीक पॉलिश पेपरने घासली, ब्रेकसाठी मिळतं ते सिलिकॉन ग्रीस लावलं, रबराचे बूट नवे घातले, पॅडचा जोड परत बदलला. गाडी सरळ थांबायला लागली. म्हणून पॅड बदलायला गेलात तर मेकॅनिकला एवढंच म्हणा, ‘पिना काढून दाखवा.’ बोटाने सरकल्या पाहिजेत. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतील तर त्यातली धूळ काढून लायनर (ड्रमला आतून घासून थांबवणारे पट्टे) अॅडजस्ट करायलाही सांगा.

यानंतरची गोष्ट सगळ्यात दुर्लक्षित आहे, ती म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणात तर हवेत पाणीच पाणी. डबीवर डॉट ३, डॉट ४ असा ऑइलचा दर्जा लिहिलेला असतो. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशापर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तीच हमी १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जातं. पॅड कितीही भारी असोत, त्यांच्यापर्यंत जोर पोचतच नाही.

हे घाटात का होतं, तेही बघा. ताशी ८० च्या वेगातली गाडी एकदा थांबवताना जेवढी उष्णता होते, तेवढी गाडी फक्त २५ मीटर उंची उतरली तरी जिरवावी लागते. ५०० मीटर उतरणारा घाट म्हणजे ८० वरून वीस वेळा थांबणं, तेही डिस्कला गार व्हायला उसंत न देता. यातला काही भाग वारा खातो, आणि बराचसा इंजिनला खाऊ घालणं आपल्या हातात असतं. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. घाटाच्या पायथ्याला गाड्यांना जो जळका वास येतो ना, तो टॉपमध्ये ब्रेक धरून उतरल्याचा वास असतो. दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण काढून नवं भरा. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते चुकूनही ओतू नका.

एवढं सगळं झाल्यावरही पॅड बदलायचेच असतील तर जरूर बदला. पॅडच्या कडेला किंवा पाठीवर बऱ्याचदा दोन अक्षरं असतात, पहिलं गार असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ईई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफएफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. रस्त्यावरच्या गाडीला एफएफ पुरून उरतो. शर्यतीचे पॅड घेऊ नका. ते तापल्याशिवाय पकडत नाहीत, आणि सकाळी गल्लीतून बाहेर पडताना आडवी आलेली स्कूटर तुमचे पॅड तापायची वाट बघत नाही. नवे पॅड बसले की मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, मधे गार होऊ द्या, आणि तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभे राहू नका. नवे टायरही पहिले काही दिवस जरा घसरतात, तेव्हा लगेच घाट गाठू नका. रिम आणि साइज बदललात तर विमा कंपनीला कळवून ठेवा.

‘चारही टायर एकदम परवडत नाहीत, दोन घेतले तर पुढे टाकू ना?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. नाही, मागे टाका. इंजिन पुढे, ब्रेक पुढे, म्हणून नवे पुढे, असं वाटणं साहजिक आहे. पण ओल्या वळणावर पुढचे टायर सुटले तर गाडी सरळ जायला बघते, पाय काढला की बहुतेकदा परत पकड घेते. मागचे सुटले तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ती सावरणं सवयीच्या चालकालाही अवघड जातं. पुढचे दोन जास्त झिजलेले असतील तर मागचे बरे असलेले पुढे आणा, नवे मागे लावा, आणि तिथेच अलाइनमेंट, बॅलन्सिंग करून घ्या.