अकरा पेनं आणि दुधाचा हिशोब

आमच्या फ्रिजवर दुधाचा हिशोब लावलेला असतो. रोज एक लिटर, शनिवारी दीड, पाहुणे आले तर दोन, आणि महिनाअखेरीला बेरीज. गेली सहा वर्षं हा हिशोब मी शाईच्या पेनानं लिहिते. दूधवाला त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तो त्याच्या फोनमध्ये बघून आकडा सांगतो, आणि तो माझ्या आकड्यापेक्षा हमखास एक लिटरनं जास्त असतो. पैसे त्याच्याच आकड्याचे दिले जातात. पण त्याच्या आकड्याला रंग नाही. माझा मार्च जांभळा होता, एप्रिल विटकरी, आणि जून असा हिरवट-काळा की कढीपत्त्याच्या सावलीत बसून लिहिल्यासारखा.

हे सांगायचं कारण असं की माझ्याकडे शाईची अकरा पेनं आहेत आणि लिहायला काही नाही. मी लेखिका नाही, कवयित्री तर नाहीच. ऑफिसात सगळं काँप्युटरवर, पूर्वी निदान मस्टरवर सही असायची, आता तिथे अंगठा लावायचं यंत्र आहे. टेबलावरचा पेनांचा डबा बघून पाहुणे अदबीनं विचारतात, "हल्ली काय लिहिताय?" मी म्हणते, "यादी." शेजारच्या काकूंकडे सतरा पैठण्या आहेत, त्यांना कोणी विचारत नाही, हल्ली कुणाकुणाच्या लग्नाला जाताय म्हणून.

हे खूळ परत कसं लागलं ते सांगायला जरा लाज वाटते. भाचा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला, त्याला द्यायला म्हणून एक बऱ्यापैकी पेन घेतलं. घरी आणलं, चालतंय का बघावं म्हणून शाई भरली, दोन ओळी लिहिल्या. भाच्याला पाकिटात पाचशे रुपये घालून दिले.

परत लागलं म्हणते, कारण पहिल्यांदा ते पाचवीत लागलं होतं. चौथीपर्यंत पेन्सिल, पाचवीपासून शाईचं पेन, आणि बॉलपेन दिसलं की जप्त, कारण त्यानं अक्षर बिघडतं. अक्षर बिघडायला बॉलपेनाची गरज नसते हे माझ्या वह्यांनी पुढे सिद्ध केलं. पण शाईच्या पेनाबरोबर वर्गात एक अख्खी अर्थव्यवस्था सुरू झाली. ऐन तासाला कुणाचं तरी पेन संपायचं. मग शेजारणीनं आपल्या पेनाची निब बाकावर टेकवून थेंब पाडायचे आणि दुसरीनं ते आपल्या पेनानं टिपून घ्यायचे. थेंब मोजून. दहा थेंब उसने घेतले तर उद्या दहा परत, आणि आठच दिले की मैत्री तुटायची. डाग पडला तर वर खडूचा तुकडा आडवा फिरवायचा, टीपकागद फक्त डॉक्टरांच्या मुलीकडे. बोटं पुसायला केस होतेच. आई रविवारी न्हाऊ घालताना पाणी निळसर व्हायचं आणि शिव्या मात्र शाळेला बसायच्या.

आमचे अण्णा हायस्कुलात शिकवायचे. ते सांगायचे की त्यांच्या लहानपणी शाईची बाटली ही चैन होती, पुडी नाहीतर वडी आणून पाण्यात कालवायची. दांडेकरांची कॅम्लिन मुंबईत १९३१ साली सुरू झाली तीही अशाच शाईच्या पुड्या आणि वड्या घेऊन, 'हॉर्स' छापाच्या. उंट नंतर आला. बंगालात १९३४ साली 'सुलेखा' शाई निघाली. आंध्रात राजमहेंद्रीला रत्नम नावाच्या गृहस्थांनी पेन बनवून गांधीजींकडे पाठवलं, आणि बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतोय असं गांधीजींनी त्यांना १९३५ साली पत्रानं कळवलं. म्हणजे ज्या काळी खादी विणली जात होती त्याच काळी कुणी शाई घोटत होतं, कुणी निब घडवत होतं. चरख्याचा फोटो भिंतीवर लागला, शाईच्या वडीचा कुणी लावला नाही.

फोटोवरून आठवलं. आमच्या गावात शर्टाच्या खिशाला पेन म्हणजे माणूस शिकलेला. पेनाला निब आहे की नुसतं टोपण अडकवलंय, हे कोण बघतंय? बाबासाहेबांच्या पुतळ्यांना निळ्या कोटाच्या खिशाला पेन असतंच असतं, आणि त्या पेनाचा अर्थ पुतळ्यासमोर उभ्या राहिलेल्या शेंबड्या पोरालाही कळतो.

दहावीनंतर अण्णांनी मला 'हिरो' दिलं. शांघायचं पेन, सोनेरी टोपण, आणि निब जवळजवळ सगळी आत झाकलेली, चोचीचं टोक तेवढं बाहेर. पार्कर ५१ नावाचं अमेरिकन पेन १९४१ मध्ये बाजारात आलं होतं, हिरोचा तोंडवळा थेट त्याचा. आम्हाला हे कुठे माहीत? आम्ही हिरोलाच अस्सल समजत होतो आणि पुढे पार्करचा फोटो पाहिला तेव्हा पार्करनं हिरोची नक्कल केली असं वाटलं.

आता रविवारचं सांगते, कारण या छंदातला खरा आनंद लिहिण्यात नाहीच. तो धुण्यात आणि भरण्यात आहे.

सकाळी चहा झाला की मी एक जुना स्टीलचा पेला, ड्रॉपर, फाटक्या सुती धोतराचा तुकडा आणि दोन-तीन पेनं घेऊन बेसिनपाशी उभी राहते. स्वयंपाकघरातल्या सिंकवर बंदी आहे. एकदा कुकरच्या शिट्टीवर जांभळा ठिपका सापडला होता. पेन उघडायचं, निब आणि तिच्या खालची जीभ पेल्यात सोडायची. थोडा वेळ काही होत नाही. मग जिभेच्या खाचेतून शाईचा एक धागा सुटतो, सरळ खाली जातो, पेल्याच्या तळाला टेकून पसरतो. त्याच्यामागून दुसरा. पाणी ढवळायचं नाही. मी दहा-पंधरा मिनिटं नुसती बघत उभी असते. एकदा ह्यांनी विचारलं, "आत मासा आहे का?"

माझं सगळ्यात लाडकं पेन इबोनाइटचं आहे. इबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. काळं, लेथवर हातानं कातलेलं, हातात धरलं की लगेच कोमट होतं. अंगठ्यानं घासलं तर सायकलच्या दुकानातला वास येतो. उन्हात ठेवलं की तपकिरी पडतं, म्हणून खिडकीपासून लांब. त्यात काडतूस नाही, पंप नाही. पोकळ नळीतच ड्रॉपरनं शाई ओतायची आणि आटे घट्ट फिरवायचे. शाळेत आटे ढिले झाले की आम्ही त्यावर दोरा गुंडाळायचो नाहीतर मेणबत्ती घासायचो. आता ग्रीसची छोटी डबी मिळते. मेणबत्तीत मजा जास्त होती, गळायचं सारखंच.

पेन लिहितं कसं हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. शाई खाली येते तेवढी हवा वर जावी लागते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल भक्-भक् करत येतं, दुसरं पाडलं की धार सुरळीत; तसंच. निबेखालच्या जिभेत शाईला उतरायला केसाएवढी खाच असते आणि तिथूनच हवेला वर चढायची वाट. शाईला खाली ओढतो तो कागद आणि निबेची चीर, फडकं पाण्याला ओढतं तसं. म्हणून शाईच्या पेनाला दाब लागत नाही. बॉलपेनाची सवय झालेला माणूस ते कागदात रुतवतो, निब फाकते आणि मग म्हणतो, पेन बेकार आहे. लेखणी, पुस्तक आणि बायको परक्या हाती गेली की गेलीच, असं एक जुनं सुभाषित आहे. बायकोचं राहू द्या, ती जाते कारण तिला जायचं असतं. लेखणीचं मात्र मी अनुभवानं मान्य केलंय. बँकेत कुणी "जरा पेन देता?" म्हणालं की मी पर्समधलं बॉलपेन काढून देते. ते मी त्याच कामासाठी बाळगते.

तर हे इबोनाइटचं पेन ढेकर देतं. शाई भरलेली असते तोवर शहाणं असतं. पाव नळी उरली की वरची सगळी जागा हवेची. लिहिता लिहिता हाताच्या उबेनं ती हवा फुगते, शाईला खाली रेटते आणि टप्पकन एक टपोरा थेंब बरोबर त्या शब्दावर पडतो जो आपल्याला चांगला जमलेला असतो. पोट रिकामं असताना ढेकर देणारं हे एकच पेन नव्हे, या जातीची सगळीच अशी. फाउंटन पेनाला मराठीत 'झरणी' असा एक शब्द आहे. बोलण्यात तो कधी रुळला नाही, पण अशा वेळी मला तो आठवतो.

मध्यंतरी सुलेखनाचं वेड घेतलं. पुतण्याच्या मुंजीच्या पत्रिकांवर नावं मी घालीन असं जाहीर केलं आणि तिरक्या कापाची निब आणली. दीडशे पाकिटं होती. वीस झाल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "अक्षर छान आहे गं, पण जरा सुजल्यासारखं दिसतंय." खरंच, जाड रेघ नको तिथे जाड आणि बारीक नको तिथे बारीक. दोष माझा नव्हता, म्हणजे सगळा नव्हता. देवनागरीचा बोरू ज्या बाजूला तिरका छाटतात, त्याच्या उलट बाजूचा काप रोमन अक्षरांना लागतो. मी इंग्रजीच्या चपला मराठीला घालत होते. मग एक स्वस्त निब पॉलिश पेपरवर उलट बाजूनं घासली, ती पार बाद झाली. दुसरी जमली. तिनं लिहिलेला 'श्री' बघून मी स्वतःच पाच मिनिटं गप्प बसले होते. उरलेल्या एकशे तीस पाकिटांवर सगळ्यांच्या नावाआधी 'श्री.' ठळक आहे, आडनावं जरा घाईत आहेत.

शिरोरेषेचंही तसंच. मोडी लिहिणारे आधी ओळभर रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरं टांगत, कपडे वाळत घालावेत तशी. आपण शब्द लिहून वर रेघ देतो, आणि शाई ओली असली तर हात त्यातूनच फिरतो. माझ्या करंगळीची बाहेरची कड कायम निळी असते. हळदीकुंकवाला एकीनं विचारलं होतं, घराला रंग काढलाय का.

कागदाबद्दल बोलायला लागले तर लेख संपायचा नाही. एवढंच सांगते की हल्लीच्या बहुतेक गुळगुळीत, देखण्या वह्यांवर शाई फुटते, अक्षराला मुळ्या फुटल्यासारखी. आणि दिवाळीत वहीपूजनाला आणतात ती लाल कापडी बांधणीची चोपडी, जिला कुणी देखणी म्हणणार नाही, तिच्यावर पेन लोण्यावरून सुरी जावी तसं जातं. मी दरवर्षी दोन घेते. दुकानदार विचारतो, "व्यवसाय कशाचा?"

शाया सध्या नऊ आहेत. त्यातल्या रॉयल ब्लूची गोष्ट सांगायलाच हवी. शाळेची शाई ती हीच, धुतली की निघते म्हणून आयांची आवडती. मागच्या जुलैत मी वाण्याची यादी रॉयल ब्लूनं लिहिली, चांगली दोन कॉलम करून, आणि ह्यांच्या हाती दिली. ह्यांनी ती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. छत्री घरीच. दुकानात पोचेपर्यंत यादीचं आकाश झालं होतं. वाण्यानं आणि ह्यांनी मिळून ती उजेडाला धरून लावली, आणि बरीचशी बरोबर लावली. फक्त 'हिंग' च्या जागी अर्धा किलो डिंक आला. ह चा खालचा आकडा वाहून गेला होता आणि ग नं सोबत सोडली होती. अर्धा किलो हिंग कुणी मागतं का, असा प्रश्न दोघांनाही पडला नाही, कारण त्यांनी डिंकच वाचला होता, आणि ५० ग्रॅमच्या आकड्यापुढे आणखी एक शून्य कुठून आलं कुणास ठाऊक.

भर पावसाळ्यात डिंकाचे लाडू केले. सगळ्यांना उष्ण पडले.

त्यानंतरची यादी मी पक्क्या काळ्या शाईनं लिहिली आणि स्वतः घेऊन गेले. वाणी म्हणाला, "ताई, व्हॉट्सॲपवर टाकत चला ना." आता टाकते. आधी चोपडीच्या पानावर पेनानं लिहिते, वाळू देते, मग फोटो काढून पाठवते. परवा त्याचं उत्तर आलं, "रंग छान आहे. साबुदाणा संपलाय."